बंदुकीशिवाय शिकारीची गाडी

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. बायकोच्या मोठ्या बहिणीचे ते यजमान, सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, वयानं आणि मानानं माझ्यापेक्षा मोठे. म्हणून लिहितानाही मी त्यांना अहो-जाहोच करतो. पण फसवलं ते फसवलं. पैशांत फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मी विसरलो असतो. माझा धंदा जुन्या गाड्यांचा आहे, रोज कुणी ना कुणी मला गंडवायला बघतं, आणि मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण साडूंनी जे नेलं ते परत आणून देता येत नाही. आमच्या सासऱ्यांना डोंगरात घेऊन जायची एक फेरी माझी होती. मी मागून घेतलेली. ती त्यांनी नेली.

सासरे देवगाव रंगारीचे. त्यांना आम्ही दोघं जावई मामा म्हणायचो. देवगावला त्यांची चांगली काळी जमीन, आणि कन्नडच्या वर डोंगराच्या कुशीत आणखी एक मुरमाड तुकडा. त्या तुकड्यात पीक नावाला यायचं. तो मामांनी ठेवला होता तो वरच्या खिंडीसाठी. तुकड्याच्या डोक्याशी खिंड आहे, तिथून खाली खानदेश दिसतो, आणि शिकारीवर बंदी यायच्या आधी मामा तरुण होते तेव्हा याच खिंडीत दबा धरून बसायचे. सांबर, रानडुक्कर, बिबट्या, एकदा अस्वल. बंदी आली तसे ते बंदूक ठाण्यात जमा करून आले आणि पुन्हा आणायला गेले नाहीत. "झालं ते बरं झालं," म्हणायचे. "आम्ही लई ताप दिला जनावरांना."

पण डोंगर सुटला नव्हता. दिवाळीला दोन्ही लेकी-जावई जमले की बैठकीत सांबराच्या शिंगांखाली मामा बोलायला लागायचे. बोलायचे ते थोरल्या जावयाशी. थोरले शिकलेले, सरकारी नोकरीतले, मान कुठं हलवायची आणि "अरे वा" कधी म्हणायचं हे त्यांना बरोबर कळायचं. माझ्याकडं तोंड वळलं की मामा म्हणायचे, "जावईबापू, चहा घ्या." तीसेक वर्षं मी त्या घरात चहा घेतला.

कारण मला ठाऊक होतं. माझे वडील देवगावच्या बैलबाजारात दलाली करायचे. ते लवकर गेले आणि मी शाळा सोडून त्यांच्या जागी उभा राहिलो. बैलांवरून ट्रॅक्टरवर आलो, ट्रॅक्टरवरून जीप-टेम्पोवर, आणि शेवटी मुकुंदवाडीला स्टेशनच्या मागं स्वतःचं यार्ड टाकलं. हे सगळं कुणाच्या ओळखीशिवाय, कुणाच्या शिफारशीशिवाय. मामांनी मला मुलगी दिली ती मुलीनंच हट्ट धरला म्हणून. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत. मान द्यायचे. पण मान देणं ही लांब ठेवायचीही एक रीत असते. थोरल्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन "अन् मग काय झालं माहितीय का" असं जे चालायचं, ते मला लांबून ऐकू यायचं. मला त्याची भूक होती. या वयात हे लिहायला लाज वाटत नाही.

शेवटची काही वर्षं मामांना काचबिंदूनं दिसेनासं झालं. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. कान मात्र असे की ओसरीवर बसून रस्त्यानं कुणाची मोटारसायकल गेली ते सांगायचे, आणि तिची साखळी ढिली झालीय हेही सांगायचे.

मागचा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. त्या महिन्यात जावई म्हणजे देव. त्यानं मागितलं तर नाही म्हणत नाहीत. आम्ही दोघं साडू एकाच सतरंजीवर बसलो होतो. सासूबाईंच्या माघारी सगळं मामांच्या सुनेनं केलं होतं, पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, ताटात अनारसे. मामांनी आधी थोरल्यांना चांदीचं भांडं दिलं. मग माझ्याकडं चेहरा वळवला.

"जावईबापू, तुम्हाला काय देऊ? भांडं हाये, कपडे हायेत."

"मामा, मला वस्तू नको. मला एकदा तुमच्याबरोबर डोंगरात यायचंय. खिंडीत. तुम्ही अन् मी."

सून दारात थांबली.

"मला दिसत नाय आता," ते म्हणाले.

"तुम्ही ऐका. बघायचं काम माझ्याकडं."

ते हसले. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर ते असे पोटातून हसलेले मला आठवत नाहीत. "धोंड्यात मागितलं म्हणजे नाय म्हणायची सोय नाय. पण एक सांगतो. गाडी तुम्ही निवडायची, अन् अशी निवडायची की आपण शिकारीलाच निघालोय. बंदूक नको. गाडी मात्र शिकारीची पायजे."

थोरले साडू मध्येच म्हणाले, "मामा, माझी नवी गाडी आहे की. एसी आहे, गिअरसुद्धा टाकावे लागत नाहीत. वर सनरूफ आहे."

"सनरूफ म्हणजे?"

"छताला खिडकी."

"छपराचं कवेलू फुटलं की आम्ही बदलून घेतो," मामा म्हणाले, "तुम्ही पैसे देऊन भोक पाडून घेता व्हय?"

सगळे हसले, साडूही हसले. पण हातातला अनारसा त्यांनी खाल्ला नाही. मी माणसं वाचून पोट भरतो. त्या दिवशी मात्र मला मामांच्या हसण्यापुढं काही दिसलं नाही.

मळमासात गाडी घरी आणायची नाही असं बायकोनं बजावलं. मीही आणणार नव्हतो. पण बघायला काय हरकत? मी यार्डातल्या गाड्या एकेक करून देवगावला नेऊ लागलो. मामा ओसरीतून काठी टेकत अंगणात यायचे, बोनेटला हात लावायचे आणि म्हणायचे, "चालू करा."

पहिली नेली ती डिझेलची, उंच, डोंगरात नामी चालणारी. मी ती चालू केली आणि मामांनी दुसऱ्याच क्षणाला काठी वर केली.

"गेलं."

"काय गेलं, मामा?"

"सांबर. आपल्या ह्या खडखडाटानं पलीकडच्या दरीत उतरलं पण. ही वरातीपुढं लावा. डोंगराला पेट्रोलची गाडी पायजे. इंजिन कुजबुजलं पायजे."

दुसरी नेली ती शहरातल्या एका हौशी पोराची, रुंद टायर, टपावर दिव्यांची रांग, पुढं लोखंडी पाइपांचं कुंपण. ती पेट्रोलची होती. मामांनी टायरवर पंजा फिरवला. "एवढा रुंद कशाला? मुरमाच्या उतारावर रुंद टायर तरंगतं. बारीक टायर खाली जाऊन दगड धरतं." मग दिवे चाचपले. "ही तर डोंगराला सांगतच जाती की मी आले."

आणि मग त्यांनी मला गाडीतून उतरायला सांगितलं. मी उतरलो, सवयीनं दार लावलं. आमच्या धंद्यात दार जोरात लावून दाखवतात, त्या आवाजावर गिऱ्हाईक गाडीचा पत्रा जोखतं.

"अरे गाढवा!" मामा ओरडले. "गेलं ना जनावर! बंदुकीचा आवाज अन् दाराचा आवाज त्याला सारखाच."

अंगणात सून होती, बायको होती. मी रागीट आहे. कुणी अरे म्हटलं तरी माझा हात वर जातो, आणि यार्डात हे सगळ्यांना माहीत आहे. बायको घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी नुसता उभा होतो. तीस वर्षांनी त्या घरात कुणीतरी मला जावईबापू सोडून दुसरं काहीतरी म्हटलं होतं.

"मग दार नकोच का?" मी विचारलं.

"नकोच. ये, बस इथं, सांगतो."

आणि मामा मला सांगू लागले. माझ्या कानाजवळ तोंड आणून. गाडीला दारं नकोत, पाय टाकला की खाली माती लागली पाहिजे. पुढची काच बोनेटवर आडवी पडणारी पाहिजे, कारण उभ्या काचेवर ऊन चमकतं आणि ते कोसभर दिसतं. गाडी आखूड पाहिजे, बैलगाडी जेवढ्या जागेत वळते तेवढ्यात वळणारी. चारही चाकं ओढणारी, आणि उतरताना लहान गिअरवर आपोआप हळू येणारी. ब्रेकवर उतरणाऱ्याला डोंगर परत बोलावत नाही. मागच्या फळीच्या दोन साखळ्यांना चिंध्या गुंडाळायच्या, नाहीतर त्या वाजतात. आणि हँडल मारून चालू होणारी असेल तर सोनंच, कारण खिंडीत बॅटरी उतरली की रात्र तिथंच.

"आणि रंग?"

"पांढरा सोडून कुठलाबी."

श्रावणभर मी देवगावच्या चकरा मारल्या. यार्डात माझी माणसं म्हणायची, शेठ म्हातारपणी सासुरवाडीला लागले. मला फरक पडत नव्हता. काही वेळा तर बघायला गाडी नसायचीच, तरी जायचो. मामा ओसरीवर बसून विचारायचे, "काय आणलंस?" मी म्हणायचो, "आज काही नाही." "मग बस." मी बसायचो आणि ते खिंडीबद्दल सांगायचे. पहाटे तिथं आधी कोण बोलतं, मग कोण. वानराचं नुसतं ओरडणं वेगळं आणि बिबट्या दिसल्यावर खाकरणं वेगळं. मोर कुठल्या अंगाला ओरडला म्हणजे जनावर कुठून उतरतंय. हे सगळं मी तुला तिथंच सांगीन, म्हणायचे, इथं सांगून उपयोग नाय. तिथं ऐकलं की एका खेपेत डोक्यात बसंल.

गणपतीत गाडी सापडली. दौलताबादला किल्ल्याच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्या बागाईतदाराची पेरूची बाग आहे. मी त्यांना चाचा म्हणतो. बागेच्या कडेला चिंचेखाली एक जुनी जीप होती. आखूड, पेट्रोलची, टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, काच पुढं आडवी पडणारी, टायर बारीक, दारं कधी नव्हतीच. मागच्या बाकावर कोंबड्या अंड्यावर बसलेल्या. रंग एके काळी हिरवा असावा. मी हँडल मारलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ती बोलली. खरोखर कुजबुजल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला, पण चेहऱ्यावर मी काही येऊ दिलं नाही.

"भंगार आहे, चाचा," दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मी म्हटलं.

"हौ शेठ, भंगार है," चाचा म्हणाले. "म्हणूनच तुम्ही दो बार आले."

चाचांना मी तिथंच पैसे देऊन गाडी आणायला हवी होती असं आता ज्याला-त्याला वाटतं. ज्यांनी कधी सौदा केला नाही त्यांनी हे बोलू नये. गणपती चालू होते, विकणाऱ्याचं नाक वर असतं. त्यानंतर पितृपंधरवडा येणार होता. त्या पंधरवड्यात कुणी गाडी घेत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही, विकणारा नरम पडतो. गाडी त्या दिवसांत घरी आणायची नसते, पण भाव ठरवायला पितरांची काही ना नसते. माझे सगळे चांगले सौदे त्याच पंधरवड्यात झालेत. भाव तेव्हा ठरवायचा आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून गाडी आणायची, हा माझा आयुष्यभराचा शिरस्ता. मामांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "दसऱ्याला सीमोल्लंघनच करू मग. खिंडीतून पलीकडं."

तर पितृपंधरवड्यात एका सकाळी मी चाचांच्या बागेत बाजेवर बसलो होतो. आमचा सौदा जुन्या रीतीनं चालला होता. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. चाचांच्या घरी शेळ्यांचा धंदा होता म्हणून त्यांनाही ती भाषा येते. मी बोट दाबलं की चाचा आकाशाकडं बघायचे.

"नक्को शेठ. इतने में तो कोंबड्याबी नाय येत."

"कोंबड्या वेगळ्या. त्या मला नकोत."

"त्यांना गाडी पायजे ना. त्या कुठं जातील?"

एवढ्यात बाजेवरचा माझा फोन वाजला. घरच्या माणसांचा जो ग्रुप आहे त्यावर साडूंनी फोटो टाकला होता. माझा एक हात उपरण्याखाली, दुसऱ्या हातानं मी फोटो उघडला. पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर मामा. छातीवर पट्टा. मागं आभाळ आणि खाली खूप लांबवर सपाटी. खानदेश. खिंडीतूनच दिसतो तसा. खिडकीची काच वर होती. काचेवर फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडलं होतं. खाली साडूंनी लिहिलं होतं, "मामांना डोंगर दाखवून आणला." त्याखाली सगळ्या नातेवाइकांचे अंगठे आणि हात जोडलेले.

दाखवून. ज्यांना दिसत नाही त्यांना.

चाचा म्हणाले, "शेठ, बोट क्यूं ढिला पडला?"

मी उठलो आणि साडूंना फोन लावला.

"तुम्ही खिंडीत गेला होतात?"

"हो, अहो. पलीकडच्या बाजूनं टॉवरसाठी डांबरी रस्ता झालाय वरपर्यंत. तुम्हाला माहीत नव्हतं? झोपून गेलो तरी पोचतो माणूस. मामाच म्हणाले, पाऊस उघडलाय, डोंगर कसा असेल. मी म्हटलं चला."

"धोंड्यात मी मागितलं होतं."

"मागितलं होतं ना? आणली का गाडी? श्रावण गेला, गणपती गेले. तुमचा भाव ठरेना, साडूभाऊ, आणि त्यांचं वय थांबेना. थोरल्या जावयाचा मान पहिला, असं समजा."

"एक फोन करायचा होता. मी अर्ध्या रस्त्यात आलो असतो."

"अहो, गाडीत जागा होती कुठं? आमच्या घरचे चौघं होतो. तुम्हाला काय टपावर बसवायचं?"

त्यानंतर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. कोंबड्या अंडी सोडून उडाल्या. चाचांनी उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं आणि मी फोन ठेवेपर्यंत ते पेरूच्या झाडाकडं बघत राहिले.

मी तिथून सरळ देवगावला गेलो. मामा ओसरीवर होते. मी पायऱ्या चढलो तसे म्हणाले, "पाय आपटू नको. बस."

"गेला होतात म्हणे."

"गेलो होतो."

"कसं होतं?"

मामांनी हात पुढं केला, माझा गुडघा सापडला, त्यावर ठेवला. "ती फेरी मी धरली नाय," ते म्हणाले. "आपली राहिलीये. तुझ्या गाडीचं सांग. सापडली का?"

"सापडली. पण तिथं काय झालं ते सांगा ना. उतरला होतात का?"

"तुझ्या गाडीचं सांग म्हटलं ना. आवाज कसा हाय?"

मी आवाज काढून दाखवला. तिथंच ओसरीत, तोंडानं. मामांनी मान एका बाजूला करून ऐकला. "थोडी जास्त घुमती," म्हणाले. "पण चालंल."

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेलो आणि त्यांनी बोट दाबलं त्याला हो म्हटलं. चाचांना विश्वास बसेना. "इतना जल्दी? तबियत तो ठीक है ना शेठ?" गाडी उभी होती तिथंच ठेवून मी मिस्त्री नेला, इंजिन उघडलं, ब्रेक केले. कागद नीट करून घेतले. कोंबड्यांची सोय चाचांनी केली. मागच्या फळीच्या साखळ्यांना मी स्वतः बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि हलवून बघितलं, वाजतात का. वाजल्या नाहीत.

नवरात्रात पाचव्या माळेला मामा गेले. झोपेतच. दसरा पाच दिवसांवर होता.

आता खरी गोष्ट ही आहे की मामा गेले याचा दोष मी साडूंना देत नाही. वय झालं होतं. माझा दावा तेवढ्या एका सकाळीपुरता आहे. ते माणूस ऐकायला जगत होतं. मामांनी मला सांगितलं की ती फेरी धरली नाही. ते खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून बोलले? हे मला रोज टोचतं. कारण ते खोटं असेल, आणि त्यांना तिथं वारा मिळाला असेल, मोर ऐकू आला असेल, ते हसले असतील, तर मी साडूंना आजच्या आज माफ करतो. माझी फेरी गेली तर गेली. मामांना तर डोंगर मिळाला. आणि ते खरं असेल, तर बंद काचेच्या आत बसवून, थंड हवा लावून, त्यांना त्यांच्याच खिंडीतून सामानासारखं नेऊन आणलं, आणि त्यांनी ते निमूटपणे सोसलं.

म्हणून दहाव्याला गोदावरीच्या घाटावर मी साडूंना बाजूला घेतलं. शांतपणे विचारलं, खिंडीत काय झालं. ते म्हणाले, "फार खूश होते हो. खाली उतरले, चांगला अर्धा तास उभे होते. मलाही कायकाय सांगत होते." मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला. वाटलं, मिटलं.

मग संक्रांतीला ते तिळगूळ द्यायला आमच्याकडं आले. बायकोनं वडिलांची आठवण काढली. तेव्हा ते सहज म्हणाले, "वर वारा किती होता म्हणून सांगू! काच खाली केली असती तर मामांना तिथंच सर्दी झाली असती. आम्ही गाडीतूनच परत फिरलो."

मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होतात, उतरले होते."

"मी? मला नाही आठवत. उतरलेही असतील. मी फोनवर होतो, जुन्या ऑफिसातल्या एकाचा आला होता." आणि त्यांनी तिळगुळाचा डबा पुढं केला. "साडूभाऊ, गोड बोला आता."

मी बोललो नाही. उठून यार्डात गेलो.

थंडी कमी झाल्यावर एका पहाटे मी आणि बायको जीप घेऊन निघालो. डांबरी रस्त्यानं गेलो नाही. मामांच्या तुकड्यातून वर जाणारी जुनी गाडवाट आहे, तिनं गेलो. काच बोनेटवर पाडली. वाट धुपलेली, मध्ये घाणेरीची झुडपं. लहान गिअरवर गाडी एकेक दगड जोखत चढली, टायर कुठं सुटलं नाही. बायको वडिलांना आबा म्हणते. ती म्हणाली, "आबांना आवडली असती." वर गेल्यावर मी इंजिन बंद केलं आणि पाय खाली टाकला. माती लागली.

आम्ही दोघं बसून राहिलो. खालून हळूहळू खानदेश उजळत गेला. आणि आवाज यायला लागले. डावीकडं काहीतरी खरखरीत ओरडलं. मग बराच वेळ काही नाही, मग झाडीत वरच्या बाजूला दोनदा खोकल्यासारखं. गवतातून काहीतरी गेलं, वजनदार. मोर एकदा जवळ ओरडला आणि एकदा लांब. हे सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं आणि त्यातलं मला काहीही कळत नव्हतं. कोण कुणाला काय सांगतंय, जनावर वर येतंय की खाली जातंय, खोकलं ते वानर नुसतंच होतं की त्याला काही दिसलं होतं. शेजारच्या सीटकडं बघून मी दोनदा तोंड उघडलं. तिथं बायको होती. तिनं माझा हात हातात घेतला, पण तिलाही ती भाषा येत नाही. वडिलांनी ती तिलाही कधी शिकवली नव्हती.

जीप आता यार्डात पत्र्याखाली उभी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हौशी पोरं तर मागंच लागतात. मी विकत नाही आणि भावही सांगत नाही. माझ्या यार्डात भाव न सांगितलेली ती एकच गाडी आहे.

येत्या अक्षय्यतृतीयेला देवगावला आम्ही सगळे जमणार आहोत, मामांच्या नावानं पाण्याचा करा भरायला. साडूभाऊ, तुम्हीही येणार आहात. हे मी तुम्हाला आधी लिहून कळवतो, म्हणजे तिथं आठवत नाही म्हणायची सोय राहणार नाही. मी आवाज चढवणार नाही. दोन्ही बहिणींच्या देखत, मामांच्या ओसरीवर, मी एवढंच विचारीन: त्या सकाळी खिंडीत तुम्ही गाडी बंद केली होती का? मामांच्या बाजूची काच खाली केली होती का? हो म्हणा किंवा नाही म्हणा. दोनपैकी काहीही मी ऐकून घेईन. पण उत्तर द्या. गाडीतले बाकीचे तिघं तुमच्याकडंच बोट दाखवतात. घरातल्या त्या माणसाच्या शेवटच्या फेरीचे साक्षीदार तुम्ही आहात, आणि तुम्ही उत्तर द्यायलाच पाहिजे.